टेबलाची औषधं

सागाचं टेबल, पाच फूट बाय तीन.
नवेगावकडच्या जंगलातलं आहे म्हणतात,
बिल कोणी पाहिलं नाही.
चुलबंदच्या काठच्या या ग्रामपंचायतीत
सहा सरपंच येऊन गेले, टेबल आणि मी कायम.
म्हणजे टेबल कायम. मी मानधनावर.

पिनेचा ओरखडा असला तर शेंगदाणा.
भाजलेला नाही, कच्चा. दातानं अर्धा तोडायचा,
ओल्या बाजूनं रेषेवर तिरपा घासायचा,
उरलेला अर्धा खाऊन टाकायचा.
गिलासाचं पांढरं कडं पडलं तर चुलीची राख
आणि तेलाचे दोन थेंब.
खरचटलं असेल तर चहा,
उकळून काळी झालेली पत्ती, फडक्यात बांधून.
भागरता म्हणते, "घरात साखर नाही
अन् तुम्ही चहा टेबलाले पाजून राहिले!"

पान खाणाऱ्या सरपंचाच्या काळात
कात फुकट मिळायचा.
एकदा बिब्बा लावून पाहिला. रंग गजब धरला,
पण ग्रामसेवकाच्या कोपराले फोड आले
आणि पंधरा दिवस गावात एक दाखला निघाला नाही.

खोल असेल तर मात्र लाख.
दिव्यावर वितळवायची, चाकूच्या टोकानं भरायची.
फुंकर घालायची नाही, बुडबुडा धरते.

असा खोल एकच आहे.

बारा वर्षं झाली. मामा तलावाचा गाळ काढत होत्या बाया,
सात हप्त्यांची मजुरी अडलेली.
त्यातली एक सरळ आत आली,
डोक्यावरचं लोखंडी घमेलं उतरवलं,
टेबलावर ठेवलं.
नाही, ठेवलं नाही.
या काठापासून त्या काठापर्यंत ओढलं.
बुडाला खडे चिकटलेले होते.
तो आवाज माझ्या दाढेत अजून आहे.
"तुमची सही अडते ना? घ्या, याच्यावर करा."

मजुरी आली. अर्धी आली.
त्याआधी साहेब म्हणाले, "ताराचंद,
उद्या तपासणी आहे. हे दिसलं नाही पाहिजे."
दिसलं नाही.
दर उन्हाळ्यात लाख आक्रसते, कडेनं सुटते,
दर उन्हाळ्यात मी पुन्हा भरतो.
आता कोणी सांगत नाही. हातच जातो.

आज तिचा पहिला दिवस.
पुस्तकला टेंभुर्णे, सरपंच.
मी अंधारातच आलो. लाख, वरून जवसाचं तेल,
वरून भागरताच्या जुन्या लुगड्याचा तुकडा.
दिवस उगवल्यावर वाकून पाहिलं,
या बाजूनं, त्या बाजूनं. काही नाही.
बरं वाटलं.
मग तेवढं बरं नाही वाटलं.

ती आली. गळ्यातला हार खिळ्याला अडकवला,
खुर्चीवर टेकली, अर्धीच,
एसटीत तिसऱ्या सवारीनं टेकावं तशी.
हात टेबलावर ठेवले. आणि बोट चालायला लागलं
आपोआप, सुपात तांदूळ पाहताना चालतं तसं.
एका जागी थांबलं.
मग निघालं, या काठापासून त्या काठापर्यंत,
कुठंही न चुकता.

डोळ्यांची सगळी औषधं होती माझ्याजवळ.
बोटाचं एकही नव्हतं.

"तुम्हीच भरलं का जी?"
"हो जी."
"गुळगुळीत केलं."
रागावली की नाही, समजलं नाही मला.
"चहा सांगा," म्हणाली.
"अन् मामा तलावाचं मस्टर आणा. जुनं. गाळाचं."

मस्टर कपाटाच्या तळाशी होतं,
एक कड उदईनं खाल्लेली.
टेबलावर ठेवताना पत्र्याची क्लिप घासली,
बोटभर नवी रेघ उठली, पांढरी, करकरीत.
दोघांनीही पाहिली.
ती पान उलटायला लागली.

माझ्या खिशात एक कच्चा शेंगदाणा होता.
अख्खा खाऊन टाकला.